त्या संध्याकाळी न घेतलेलं नाव

पप्पा, तुम्हांला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुम्ही घरी नव्हता तेव्हा एका संध्याकाळी प्रार्थना मी केली, आणि त्यात धाकट्याचं नाव घेतलं नाही. विसरले नव्हते, मुद्दामच घेतलं नाही.

सांगलीच्या अलीकडे उसाच्या त्या गावात तुम्ही मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. ख्रिस्ती घर आपलं एकच. दिवेलागणीला आपण स्वयंपाकघरात चटईवर बसायचो, आई तवा उतरवून यायची. शास्त्र वाचून झालं की तुम्ही डोळे मिटून आम्हां दोघांना देवाच्या हाती द्यायचात, प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाचा धोका सांगून. माझ्यासाठी विहीर, कारण मला काठावर वाकून बघायची खोड. त्याच्यासाठी उसाच्या गाड्या. कारखाना सुरू झाला की पोरं चालत्या बैलगाडीमागे पळत ऊस उपसायची, आणि त्यात हा सगळ्यांच्या पुढे. देवाला एवढा तपशील कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, देवाला लागत नाही, बापाला लागतो. तुमच्या तोंडून माझी विहीर ऐकली की मला फार बरं वाटायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, मी सातवीत. आईला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं आणि तुम्ही तिच्यापाशी राहिलात. निघताना मला बजावलंत, मोठी आहेस, प्रार्थना चुकवू नकोस. शेजारच्या काकू आम्हांला जेवण आणून देत. तिसऱ्या दिवशी त्यानं माझी संडे स्कूलच्या बक्षिसाची रंगीत चित्रं गोट्यांच्या बदल्यात पोरांना वाटून टाकली. मी दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी आईसाठी मागितलं, तुमच्यासाठी मागितलं, माझी विहीरसुद्धा सांगितली, आणि आमेन म्हटलं.

त्यानं डोळे उघडले. "ताई, माझं न्हाई घेतलंस."

"न्हाई घ्यायचं," मी म्हटलं.

तो ताट ओढून जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो गाडीमागे पळाला, ऊस ओढताना तोल गेला आणि मागून येणाऱ्या गाडीचं चाक त्याच्या अंगावरून गेलं.

त्याला माती देऊन आल्यावर पाळकसाहेब तुमच्याजवळ ओसरीवर बसले होते. मी दाराआड होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "मिरजेत मी फक्त पोरांच्या आईसाठीच मागत राहिलो. घरी पोरगी त्याचं नाव घेत असेल, म्हणून मी घेतलंच नाही. माझं चुकलं, साहेब." ते देवाच्या इच्छेबद्दल समजावत होते, पण तुमचं लक्ष नव्हतं. आई बरी होऊन घरी आल्यावर तिलाही तुम्ही तेच सांगितलंत. पुढे तीस वर्षं तुम्ही हेच धरून बसलात, आणि मी तुमच्यासमोर रोज जेवले.

आता मी सत्तरीकडे झुकले आहे. नाव घेतलं म्हणून चाक थांबत नाही, हे मला कळतं, आणि बहुतेक दिवस पटतंही. पण ते खरं असो वा नसो, तुम्ही एकटे नव्हता हे तरी मी सांगायला हवं होतं. तुमच्या शेजारी बसून, "पप्पा, मीही नाही घेतलं," एवढंच. घरात आता माझ्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे कधीकधी मी हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघते. हे पत्र तुमच्या बायबलमध्ये ठेवणार नाही, लिहून झालं की फाडून टाकीन.

मार बसेल म्हणून मी गप्प राहिले असं नाही. तुम्ही कधी हात उगारलाच नाहीत. त्याच्यानंतर तुमच्या प्रार्थनेत लेकरांपैकी एकच नाव उरलं होतं, माझं. खरं सांगितलं तर तेही तुम्ही घेणार नाही, अशी मला भीती वाटली.