दोन ठोक्यांच्या मधे

माय, आज गंगाखेडला एका म्हातारीचं काळीज माझ्यासमोर थांबायला आलं होतं. कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि इथं परभणीच्या घरात सांगायला कुणी नाही.

मी भूल देणारी डॉक्टर आहे म्हणजे काय, हे तुला कधी नीट कळलं नाही. पिंगळीच्या घरात तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, दारात शेळ्या ओरडायल्या होत्या, आणि तू विचारलंस, "कापतो दुसराच, शिवतो दुसराच. मग तू तिथं काय करतीस गं?" मी म्हणाले, "माणसाला झोपवते आणि परत जागं करते." "अन् मधल्या वेळात?" "मधल्या वेळात बघत बसते." तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "म्हंजी राखणच की." मग दोघीही हसलो होतो.

आजची म्हातारी पित्ताशयातल्या खड्यांसाठी आली होती. हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याचे जुने व्रण. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरायला सुरुवात झाली आणि ठोके ऐकवणाऱ्या यंत्राच्या आवाजातलं अंतर लांबत गेलं. एक ठोका, मग नुसती शांतता, मग कधीतरी दुसरा. मी म्हणाले, "थांबा. गॅस बाहेर काढा." सर्जन हात वर धरून उभे राहिले. मी ठोके वाढवायचं ॲट्रोपीन दिलं, सलाईन जोरात सोडलं. दंडावरचा पट्टा फुगला, उतरला, पण रक्तदाबाचा आकडा आलाच नाही. सिस्टर मनगट धरून म्हणाली, "मॅडम, नाडी लागंना." माझी बोटं म्हातारीच्या मानेवर होती. तिथं बारीकशी लागत होती.

तेवढ्यात मला तुझी शेवटची सकाळ आठवली. मोठ्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. ओसरीवर तुझं मनगट धरून मी बसले होते, आणि तुझे ठोकेही असेच लांबत चालले होते. बाया म्हणत होत्या, "लेक डाक्टर हाय, काहीतरी कर की." करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मनगट धरूनच राहिले.

इथं मात्र ठोके परत आले. आधी अडखळत, मग भराभर. पट्ट्यानं आकडा दाखवला. दाब टिकतोय याची खात्री झाल्यावर मी गॅस पुन्हा हळूहळू भरायला सांगितला. ऑपरेशन नीट पार पडलं. बाहेर तिचा मुलगा सर्जनच्या पाया पडला, "साहेब, लय उपकार झाले तुमचे." मी बाजूनं निघाले तर मला म्हणाला, "सिस्टर, मायला पाणी कवा द्यायचं?" मी सांगितलं.

माझं काम संपलं होतं, गाडी बाहेर उभी होती. तरी मी म्हातारीच्या खाटेजवळ जाऊन बसले. ती अर्धवट शुद्धीत होती. माझा हात चाचपून तिनं कुठल्या तरी लेकीच्या नावानं हाक मारली. "आलीस व्हय? जेवलीस का गं?"

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि पिंगळीच्या घराला आता कुलूप आहे. पण एवढं तुला सांगते. ती लेक मी नव्हे, असं मी तिला सांगितलं नाही. "जेवले," म्हणाले, आणि हात तिच्या हातात तसाच राहू दिला.