कोणत्या गाईचं कोणतं दार

बा, आज वर्गात फलन शिकवायचं होतं आणि तो धडा मी आठवडाभर पुढे ढकलला होता. दरवर्षी ढकलते. फळ्यावर दोन गोल काढायचे, पहिल्यातल्या ठिपक्यांपासून दुसऱ्यातल्या ठिपक्यांकडे बाण न्यायचे. कसेही नेले तर तो नुसता संबंध. पहिल्यातल्या प्रत्येकाला एकच बाण आणि तिथलं कोणी उरायचं नाही, तेव्हा ते फलन. हे मला पुस्तकाआधी तू शिकवलंस, आलापल्लीच्या जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावात. तू गावाचा गायकी. दिवसभर सगळ्यांची गुरं चारून दिवेलागणीला गावाच्या तोंडाशी, आखरावर सोडून द्यायचास, आणि एकेक गाय आपापल्या दाराशी जाऊन उभी राहायची. एखादी दोन घरी गेली तर, असं मी विचारलं होतं. "एका गाईचे दोन घरं कसे असतीन, येडे?" म्हणून तू हसलास. एकाच घरी चार गाई जायच्या, ते चालायचं. आपल्या दारात एकही यायची नाही, तेही चालायचं. आपल्या दारात तू यायचास.

त्या संध्याकाळी तू नुकताच पाय धुतोयस, तोच शेजारचा भाऊ धापा टाकत येतो. "माही तांबडी घरी आली नाई." ती त्यानं नुकतीच नाल्यापलीकडच्या टोल्यातून, तिथल्या लहानशा वस्तीतून, विकत आणलेली. त्या दिवसांत वाघाचा माग रोज दिसत होता. माय म्हणते, "अंधार पडून राह्यला, सकाळी जा न." तू काठी उचलतोस. "मी नेली, मीच आनतो." मी तुझं धोतर घट्ट धरलं होतं, ते तू हळूच सोडवलंस.

तू जंगलात शिरल्यावर थोड्या वेळानं तांबडीचा जुना मालक तिला दोर लावून घेऊन आला. ती आपल्या जुन्याच दाराशी जाऊन उभी राहिली होती. सगळे जंगलाकडे तोंड करून ओरडले, "गाय भेटली, वापस ये!" मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. सकाळी माणसं ढोल बडवत आत गेली आणि तुला खाटेवर घालून घेऊन आली. मायनं मला बघू दिलं नाही.

आज एका मुलीनं विचारलं, "बाई, पहिल्या गोलातला एक ठिपका उरला तर?" मग ते फलन नाही, म्हटलं, आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

हे पत्र कुठे टाकणार? इथं शहरात वाघ नाही, तरी अंधार पडला की माझा जीव घाबरतो. आणि एवढी घाबरत असूनही, बा, तू गेल्यापासून दिवेलागणीला दाराची कडी लावायला माझा हात धजत नाही.