मामांची अर्धी-अर्धी बटणं

४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

खुशाली नंतर, आधी रडगाणं. शिक्षिका होण्याआधीचा माझा शेवटचा सराव पाठ वीस तारखेला आहे. वर्ग सातवीचा, आणि धडा माहितीचं व्यवस्थापन आणि संभाव्यता. धडे चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि पस्तीस चिठ्ठ्यांतून नेमकी हीच माझ्या हाती आली! गेल्या खेपेला याच धड्यात मी नापास झाले. स्तंभालेख काढताना इतका जोर दिला की खडूच मोडला. पुन्हा तसं झालं तर वर्ष वाया जाईल आणि कबूल झालेली नोकरीही हातची जाईल.

दुखणं जुनंच आहे. मी सातवीत असताना मास्तरांनी पाचदा नाणं उडवलं, पाचही वेळा छापा पडला. सहाव्यांदा काय पडेल, असं त्यांनी मला विचारलं. मी ठणकावून सांगितलं की आता काटाच, त्याची पाळी आहे. सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून 'शक्यता' शब्द दिसला की मी पान उलटते. तुझं बरं आहे, दोनशे गणवेश बेतायचे असले तरी आकडे तुझ्या जिभेवर! काहीतरी सुचव. मामीला नमस्कार.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.
तुझी भित्री भाची

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरीला धीराचे डोस पाजू नका, कामाचं काही पाठवा, असा मामीचा हुकूम आहे. म्हणून सोबत एक पिशवी आहे.

शाळा उघडण्याआधी मी गणवेश कापतो तेव्हा एकाही पोराचं माप घेतलेलं नसतं. मागच्या तीन वर्षांची मापवही उघडतो. अठ्ठावीस छातीची पोरं सगळ्यांत जास्त, चौतीसची दोन-चारच. त्या बेताने कात्री चालवतो. कुठला सदरा कोणाच्या अंगावर जाईल ते मला कळत नाही, पण कुठल्या मापाचे किती लागतील ते बहुतेक कळतं. कधी फसतो, मग मामी ते सदरे उसवते आणि मला ऐकवते. ही तुमची संभाव्यता नाही तर काय गं?

पिशवीत काळी आणि पांढरी बटणं आहेत. एकाच मापाची, अर्धी-अर्धी. मोजत बसू नकोस, मी घातलीत म्हणजे घातलीत. पोरांना न बघता एकेक काढायला लाव.

पाठ झाला की लगेच कळव, इथे दोन जीव टांगणीला आहेत.
तुझा मामा

२१ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, तुझ्या बटणांनी मला भर वर्गात तोंडघशी पाडलं होतं!

मी फळ्यावर झोकात लिहिलं की काळं किंवा पांढरं, दोन्हींची शक्यता सारखी. मुलं डोळे मिटून एक बटण काढत, रंग सांगत आणि बटण परत टाकत. पहिल्या दहांत आठ पांढरी! निरीक्षक बाई मागच्या बाकावर पेन उघडून बसलेल्या. माझे कान तापले, सातवीतलं ते हसू पुन्हा ऐकू आलं. आता काळं येईल, त्याची पाळी आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावली. मुलांना सांगून टाकलं की हे मलाही कळत नाहीये. दहा वेळांत असं होऊ शकतं, म्हणून आणखी काढून बघू या.

ऐंशी वेळा काढली. ताळ्याच्या खुणा मांडल्या, तर एकोणसाठ पांढरी, एकवीस काळी. स्तंभालेखात एक स्तंभ दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. खडू शाबूत राहिला. मग एक मुलगी उठून म्हणाली की बाई, तुमचे मामा थापा मारतात. पिशवी टेबलावर रिकामी केली तर साठ पांढरी आणि वीस काळी! वर्गाने टाळ्या पिटल्या.

हे ठरवून केलं का, असं निरीक्षक बाईंनी नंतर विचारलं. मामांची कृपा, असं मी खरं ते सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि त्यांनी मला पास केलं. एक तारखेपासून नोकरी! आता सांग, तुझ्या दुकानात अर्धी-अर्धी कशाला म्हणतात?

पिशवी जपून ठेवलीय, तसाच लोभ तूही जप.
तुझी भाची, आता बाई

२६ ऑगस्ट

चि. बाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. थापांचं वाक्य तीनदा.

कबूल करतो. मी बटणं मोजत नाही, तागडीत घालतो. एका पारड्यात काळी, दुसऱ्यात पांढरी, काटा मधोमध आला की अर्धी-अर्धी. काळी आतून धातूची, तिप्पट जड, हे डोक्यातच आलं नाही. आणि माझ्या जिभेवरचे आकडे मामीने वहीत मांडलेले असतात, मी फक्त पाठ करतो. लहानपणी तुझ्या आजोबांनी गिऱ्हाइकांसमोर बटणं मोजायला लावली. पन्नासनंतर मी चुकलो, सगळे हसले. त्या दिवसापासून सगळं वजनावर. वेळ वाचवायला करतो, असं मामीलाही इतकी वर्षं वाटत होतं. तुझ्यासारखं 'मला कळत नाहीये' म्हणायचा धीर मला झाला नाही गं.

परवा दुपारी पांढऱ्या बटणांची बरणी फळीवर पालथी केली. दहा-दहाचे ढीग आणि शेजारी खडूने तुझ्या त्या ताळ्याच्या खुणा. दोन गिऱ्हाइकं ताटकळत बघत उभी होती. हसलं कोणी नाही. चारशे बारा भरली. पुन्हा मोजली, पुन्हा चारशे बारा!

काळ्यांची बरणी तुझ्यासाठी ठेवलीय. सुट्टीत ये, मिळून मोजू.
तुझा थापाड्या मामा

ता. क. मामीने पडताळा घेतला. तिची चारशे अकरा भरली. शेवटचं बटण तिच्याच पायाखाली सापडलं.