चूक पकडा, पेन घ्या

सोमवार, ४ ऑगस्ट
बाबांनी या वर्षी रसायनाच्या तासाला नवं खूळ काढलंय. फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची – पकडेल त्याला पेन! सरांची पोरगी म्हणून मला मात्र बंदी. मी आपली मुकाट्याने वही भरते.

आज ब्यूटेनची ज्वलन एन्थॅल्पी, म्हणजे जळताना किती उष्णता निघते ते. उत्पादितांच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची वजा करायची. बाबांनी पुस्तकात बघून १२५.६ ऐवजी १२६.६ लिहिलं. लंबूने लगेच पकडलं. बाबा म्हणाले, बघत होतो कोण जागं आहे. वर्ग खूश, लंबूकडे आता सहा पेनं.

बुधवार, ६
आज परत पाच-सहाची गल्लत. असली किरकोळ चूक मुद्दाम कोण करतं? मी असते तर चिन्ह उलटं केलं असतं.

गुरुवार, ७
जूनपासूनची वही चाळली. बाबांच्या सगळ्या चुकांना लाल पेनाने गोल केले. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे आकडे त्यांना तोंडपाठ – तिथे एकही गोल नाही. चुकतं ते फक्त पुस्तकात बघून उतरवलेलं.

बाबांना नीट दिसत नाहीये!

आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले आणि पाणी पिऊन परत आले. सांगितलं तर ती तडक मुख्याध्यापिकाबाईंना गाठणार. बाबांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. शिकवणं सुटलं तर बाबा घरात बसून काय करतील? मला भीती वाटते.

शनिवार, ९
आजही आईला सांगितलं नाही.

सोमवार, ११
लंबू आला नव्हता. मिथेनॉलचं गणित. २३८.६ चं बाबांनी २५८.६ केलं. उत्तर यायला हवं वजा ७२६.५, आलं वजा ७०६.५. मी वाट बघितली. कुणीच बोलेना! पुस्तक उघडायचा सगळ्यांना कंटाळा. चाळीस जणांनी चुकीचं उत्तर उतरवून घेतलं, खाली दोन रेघाही मारल्या. गुरुवारी चाचणी आहे.

बाबा फळा पुसायला वळले आणि मी उभी राहिले. "सर, पुस्तकात तीन आहे. पाच नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, हिला बंदी आहे! बाबा हसले नाहीत. फळ्यावरचा आकडा दुरुस्त केला, खिशातलं पेन काढून माझ्या बाकावर ठेवलं. घरी येताना माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिले. माझं चुकलं का?

मंगळवार, १२
तास सुरू होताच बाबांनी वर्गाला सांगून टाकलं. मुद्दाम केलेली चूक एकही नव्हती. मे महिन्यापासून छापलेलं नीट दिसत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, यापुढे सुधारणार नाही. मुलांनी चुकीचं शिकू नये म्हणून ते बक्षीस. हे मुख्याध्यापिकाबाईंनाही सकाळीच सांगून आले होते.

मग माझ्या बाकापाशी आले, पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तू वाच. मी लिहितो."