वीतभर दुमड

देवखार, ता. म्हसळा
१८ मे २०२५

ती. केसरआत्यास,
रुचिताचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू पलीकडून नुसती हॅलो हॅलो करतेस आणि शेवटी जेवलीस का विचारून ठेवून देतेस. मी काय सांगितलं ते तुला कळत नाही आणि मी जेवले की नाही ते मला सांगता येत नाही. म्हणून आपलं पत्रच बरं. तुझे कान संपावर गेले तरी डोळे आणि हात अजून कामावर आहेत, ही गणपतीची कृपा.

बातमी अशी, की मोठे सर निवृत्त झाले आणि मी प्रभारी मुख्याध्यापिका झाले. खुर्ची एका बाजूला कलते, पण खुर्ची आहे! पहिलाच हुकूम तुझ्यावर सोडते. आठवी ते दहावीच्या मुलींचे बासष्ट गणवेश यंदाही तूच शिवायचे. मापांची वही आणि कापडाचे ताके इकबालभाईंच्या टेम्पोतून येतील. निळा कुर्ता, पांढरी सलवार, निळी ओढणी, सगळं नेहमीचं. फक्त ओढणी सव्वादोन मीटरऐवजी दोनच मीटरची कर.

कारण विचारशीलच. गेल्या वर्षापासून काही मुली गणवेशाची ओढणी डोक्यावरून घेतात. त्यावरून पालकांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी चूल पेटवतं. एक म्हणतो शाळेत धर्म नको, दुसरा म्हणतो आमच्या मुलीचं आम्ही बघू. आमच्या संस्थेचे अध्यक्ष बुधाजीकाका वैतागले आणि ठराव झाला, की शाळेच्या आवारात कुणीही डोक्यावर काही घेणार नाही, ओढणी खांद्यावर पिन लावून. मलाही ते पटतं आत्या. गणवेश म्हणजे एका रांगेत सगळी एकसारखी. पण कुणाला टोकायला मला जिवावर येतं. म्हणून आखूड ओढणीची युक्ती माझी. ती डोक्यापर्यंत पोचणारच नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

उरलेल्या कापडाच्या पाचवीच्या पोरांना पिशव्या शिवून दे. लोभ आहे तसाच ठेव, हुकूम केला म्हणून कमी करू नकोस.

तुझी,
रुचिता


काशीद
२७ मे २०२५

चि. रुचितास,
केसरआत्याचे अ. उ. आ.

खुर्ची मिळाली, आनंद झाला. कलत्या बाजूला घडी केलेला कागद घाल. ठरावाचाच घातलास तरी चालेल.

ताके पोचले. इकबालभाईंनी स्वतः आत आणून ठेवले, चहा घेतला, आणि त्यांची मिसबाह यंदा दहावीला, गणितात पहिली, हे तीनदा सांगितलं. तीनदा सांगितलं म्हणून मला एकदा ऐकू आलं. भला माणूस आहे.

आता तुझ्या युक्तीबद्दल. साप मरेल म्हणतेस, तर यातला साप कोण गं? इथे आमच्या किनाऱ्यावर सुट्टीला माणसं येतात त्यांच्या अंगावर रुमालाएवढं कापड असतं. गावाने त्याची सवय करून घेतली. आणि तू तिकडे एका पोरीच्या वीतभर जास्तीच्या कापडाला घाबरतेस. चौथीत असताना केसांतला अबोलीचा वळेसर काढायला लावला म्हणून दोन दिवस न जेवणारी मुलगी कोण होती, ते मी तुझ्या शाळेत येऊन सांगू का?

पण हुकूम तो हुकूम. ओढण्या दोन मीटर भरतील. अध्यक्षांना टेप लावून बघू दे. मात्र शिवण माझ्या पद्धतीची राहील. चाळीस वर्षांत मी एकही गणवेश नेमक्या मापाचा शिवलेला नाही. पोरं जूनमध्ये एवढी असतात आणि दिवाळीत तेवढी होतात. म्हणून कुर्त्याच्या घेराला, सलवारीच्या पायाला, सगळीकडे आत दुमड ठेवायची, तीही कच्च्या टाक्याची. हे तुझ्या वडलांच्या खाकी चड्डीपासून चालू आहे.

गोळ्या वेळेवर घेते. तूही जेवत जा. माया आहेच, ती मोजून देत नाही.

तुझी आत्या,
केसर


देवखार
२९ जून २०२५

ती. केसरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गणवेश छान झाले. बुधाजीकाकांनी खरंच टेप लावला आणि दोन मीटर भरल्यावर असे खूश झाले, जणू स्वतःच शिवले होते. तक्रार एकच. ओढणीच्या दोन्ही टोकांना किती जाड शिवण घातलीस? मुली म्हणतात काठाला वाळू भरली आहे की काय. वाऱ्याने उडत नाही एवढाच फायदा. चष्म्याचा नंबर बघून घे बाई. आणि उरलेलं कापड कुठे गेलं? पिशव्या सोड, चिंधीसुद्धा आली नाही.

आता खरी गोष्ट लिहिते. युक्ती फसली. बाकीच्या मुलींनी कुरकुरत का होईना, ओढणी खांद्यावर घेतली. मिसबाह पहिल्या दिवशी घरची काळी ओढणी डोक्यावर घेऊन आली. गणवेश नाही म्हणून मी तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिने गणवेशाची घेऊन पाहिली, ती कपाळापर्यंत येऊन मागे घसरली. तिसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

मी तिच्या घरी गेले. मला वाटलं होतं घरच्यांचा आग्रह असेल. तर तिची मोठी बहीण ओढणी घेतच नाही आणि आई म्हणाली, आमी काय बोललो न्हाय, तिचं तिनंच ठरवलंन. मिसबाह माझ्यासमोर खाली बघून उभी होती. मी समजावलं, की शाळेत सगळी सारखी. तेव्हा तिने एवढंच म्हटलं, की बाई, शाळा पण माझीच हाय न् ओढणी पण माझीच हाय, मग तुम्ही एक टाकायला का सांगता? मी चहा पिऊन आले.

इकबालभाई दाखला मागतायत. म्हसळ्याला प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून ती घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देणार. बोर्डात येणारी मुलगी आहे आत्या. तिचा बाक रिकामा आहे आणि माझा आवाज वर्गात नीट लागत नाही. पण ठराव झालेला आहे, आणि आत्ता मागे सरले तर उद्या शिस्त कोण पाळेल?

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
रुचिता


काशीद
५ जुलै २०२५

चि. रुचितास,
अ. उ. आ.

रागावले आहे. आशीर्वाद मात्र पूर्ण दिले आहेत.

तुझं म्हणणं खोटं नाही. सगळी पोरं एकाच रंगात प्रार्थनेला उभी राहिली की मलाही भरून येतं, त्यात माझे हात असतात. पण तू फक्त रंग बघतेस, मी मापं घेते. एकीचा खांदा उतरता, एकीला उंच गळा लागतो कारण भाजल्याचा डाग झाकायचा असतो. काळूरामच्या नातीला खिसा मोठा हवा, ती त्यात दम्याचा पंप ठेवते. कापड एक आणि मापं बासष्ट. तरी गणवेश गणवेशच राहतो ना?

शिस्तीचं म्हणशील तर, चुकीचं कापलं तर कापड वाया जातं, पण चुकीचं शिवलं तर उसवता येतं. मी रोज उसवते. कुणी मला नावं ठेवली नाहीत. दाखल्यावर सही करायची घाई करू नकोस. शाई संपली म्हणून सांग, खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर लाव.

आणि माझ्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे. जाड शिवणीला हात लावू नकोस.

तुझीच, ओरडणारी आत्या,
केसर


देवखार
१२ जुलै २०२५

ती. केसरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस. म्हणजे हस, पण शेजारच्यांना वाचून दाखवू नकोस.

गुरुवारी गुरुपौर्णिमा होती. प्रार्थनेनंतर सरस्वतीच्या तसबिरीची पूजा. बुधाजीकाका अध्यक्ष म्हणून आलेले, धोतर, कोट आणि त्यांची पांढरी टोपी. नेमके त्याच वेळी इकबालभाई आणि मिसबाह दाखला घ्यायला आले आणि व्हरांड्यात उभे राहिले. शाई संपली म्हणायचं मी पाठ करून ठेवलं होतं.

बुधाजीकाकांच्या सांगण्यावरून मी आधी ठराव वाचून दाखवला, की शाळेच्या आवारात कुणीही डोक्यावर काही घेणार नाही. कागद खाली ठेवला, समईपाशी गेले, काडी पेटवली, आणि पदर डोक्यावर घेतला. मला कळलंसुद्धा नाही, आत्या. आईने घेतला, तू घेतलास, तसाच तो हाताने वर गेला. हळदकुंकू वाहून वळले तर पाचवीची मृणाली हात वर करून उभी. बारीक आवाजात विचारते, की बाईंचा पदर चालतो का? आणि अध्यक्षांची टोपी?

मग मागून कुणीतरी फिस्कन हसलं. बुधाजीकाका तत्त्वाचे. ते म्हणाले, की पोर बरोबर बोलते, नियम म्हणजे नियम, आणि त्यांनी टोपी काढली. तीस वर्षं या गावाने ते डोकं पाहिलेलं नाही! वर लख्ख, मधोमध पांढऱ्या केसांची एकच बट, तीही वाऱ्यावर उभी राहिली. पोरं लोळायची बाकी होती. काकांनी एक हात डोक्यावर ठेवला, मग दोन्ही ठेवले. कुठे बघावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी टोपी घातली आणि हसणं थांबायची वाट पाहिली.

मग ते व्हरांड्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, की माझं सत्तर वर्सांचं टाळकं दोन मिन्टं उघडं ऱ्हाईलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, त्या पोरीला मी काय म्हणून सांगू? ठराव आमीच केला व्हता, आमीच मोडू.

मी पदर डोक्यावर असतानाच रडले. काय करू? मिसबाह आधी हसू दाबत होती, मग तीही रडली. तिची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण परत पाठवलं होतं तेही सगळ्यांसमोरच. तिने जवळ येऊन, गणिताचा कुठला धडा झाला, असं विचारलं. इकबालभाई म्हणाले, की आता दाखला न्हाय, चा पाजा.

नवा ठराव असा, की ओढणी गणवेशाचीच, खांद्यावर की डोक्यावर ते जिचं तिने ठरवावं, मात्र पिन लावलेली.

आता अडचण. ओढण्या आखूड, माझ्याच अकलेने. त्या निळ्या रंगाचं कापड दुकानात संपलं, नवा ताका दिवाळीनंतर. सध्या ती घरची काळी घेऊन येते, मी येऊ देते, पण रांगेत ती एकटीच वेगळी दिसते आणि तिला ते आवडत नाही. गणवेश तिलाही हवाच आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं. तुझ्याकडे त्यातला वीतभर तरी तुकडा असेल का गं?

तुझी, पदर सावरून,
रुचिता


काशीद
१८ जुलै २०२५

चि. रुचितास,
अ. उ. आ. आणि बुधाजींच्या बटेला वेगळा आशीर्वाद.

शेजारी मी वाचून दाखवलं. इतकं हसलो, की बाहेर उभ्या असलेल्या पर्यटकांनी इथे काय मिळतं म्हणून विचारलं.

तुकडा नाही. चिंधीसुद्धा नाही, हे तूच लिहिलं होतंस. आता मिसबाहला तुझ्याजवळ बोलाव, एक कातरी घे, आणि तिच्या ओढणीच्या टोकाची ती जाड शिवण उसव. कच्चा टाका आहे, एक दोरा ओढलास की सरसर सुटेल. आत अर्धी वीत कापड निघेल. दुसऱ्या टोकाला अर्धी. झाली सव्वादोन मीटर.

बासष्टही ओढण्या तशाच आहेत. एकट्या मिसबाहच्याच ओढणीला दुमड ठेवली असती, तर तिला रांगेतून वेगळं काढल्यासारखं झालं असतं. जिला हवी तिने उसवावी, नको तिने राहू द्यावी. तुझं मे महिन्यातलं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी ठरवलं. तुला सांगितलं असतं तर तू मुख्याध्यापिकेसारखं वागली असतीस.

पोरं वाढतात म्हणून मी आजवर दुमड ठेवत आले. या खेपेला म्हटलं, मुख्याध्यापिकाही आपल्याच घरची पोर आहे, तीही दिवाळीपर्यंत वाढेल. तू तर आषाढातच वाढलीस.

जेवलीस का?

तुझी आत्या,
केसर