ओवाळणीचा कॅमेरा

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
आजपासून राग बंद. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, मुळात मी शांत माणूस. बीपी वाढतं ते लोकांच्या मूर्खपणाने.

सकाळी मेहुणा सलील खिदिरपूरहून आला. शहराच्या त्या टोकाला बंदरावर कस्टम्समध्ये आहे. मंजुषाने ओवाळलं. यंदा ओवाळणीत ताईला कॅमेरा देणार म्हणाला. डिसेंबरात तो, मी, मंजुषा आणि आमची मुलगी नूपुर असे अंदमानला जातोय. तिथे ताईला पाण्याखालचे मासेही टिपता यावेत आणि जमिनीवरचे पक्षीही. मंजुषा मालवणची, लहानपणापासून समुद्रात पोहणारी. तिचे डोळे भरून आले. कॅमेरा मी निवडीन, असं मी लगेच जाहीर केलं. सगळे गप्प बसले. म्हणजे एकमताने ठरलं.

६ नोव्हेंबर, बुधवार.
ऑफिसात दिवसभर रिव्ह्यू पाहिले. पाण्यात खोल गेलं की लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. जेवताना ही माहिती दिली. नूपुर म्हणाली, हे आई कधीचं सांगतेय.

मी ताट सरकवलं. भिंतीपर्यंत गेलं. आमच्या टेबलाला उतार आहे. नूपुर बंगालीत काहीतरी पुटपुटली. इथे बंगालातच वाढली, चिडली की तिचं मराठी सुटतं. मंजुषाने भिंतीवरचं वरण पुसलं. मी आवाज चढवला नाही, ही प्रगती.

९ नोव्हेंबर, शनिवार.
सलील, मंजुषा आणि मी धर्मतळ्याच्या बाजारात एका दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने दोन प्रकार काढले. एक छोटा, तसाच पाण्यात नेता येणारा, मजबूत, पण झूम बेताचा. दुसरा मोठा, लेन्स बदलता येणारा, त्याला पाण्यात जाताना वरून प्लॅस्टिकचं घट्ट कवच घालायचं. मंजुषाने मोठा हातात घेतला, डोळ्याला लावला, रस्त्यापलीकडच्या तारेवरचा कावळा बघत राहिली. हा छान आहे म्हणाली.

मी समजावलं की त्या कवचाच्या रबरात केस अडकला तरी कॅमेरा बुडाला. दुकानदार म्हणाला, दिदी सांभाळतील. दिदींना काय जमतं ते हा मला सांगणार. मुद्दा पटवण्यासाठी मी काउंटरवर हात ठेवला. काच फुटली. जुनीच असणार. त्याच्या माणसाने माझी कॉलर धरली. मी त्याच्या तोंडावर एक दिली, स्वसंरक्षणार्थ. त्याने मला शटरवर आपटलं. सलील मध्ये पडला म्हणून तो माणूस वाचला.

छोट्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर माझं रक्त लागलं होतं, तेव्हा तोच घ्यावा लागला. अशा रीतीने योग्य निवड झाली. काचेची भरपाई सलीलने परस्पर केली. लोकांना मध्येमध्ये करायची सवय असते.

१० नोव्हेंबर, रविवार.
सलील आला. म्हणे, भावजी, दुकानदाराशी बोललोय, बदलून देतो. ताईला दुसरा आवडला होता.

मी शांतपणे सांगितलं की हा माणसाच्या उंचीवरून पडला तरी फुटत नाही. तो म्हणाला, पण पक्षी काय आपटून टिपायचेत? नूपुर हसली. मंजुषाही हसली.

प्रात्यक्षिक दाखवणं भाग होतं. नेम फरशीचा होता. सलीलची भुवई मध्ये आली.

रक्त फार येतं भुवईतून. मंजुषाने ओढणी दाबून धरली. तरी तिच्या कुडत्यावर, सोफ्यावर, सगळीकडे झालं. नूपुर माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून, मी जणू पुन्हा काही फेकणार होतो. तिघं टॅक्सीत बसून टाके घालायला गेली. मी गॅलरीतून ओरडून सांगितलं की कॅमेरा चालू आहे, लेन्सला ओरखडासुद्धा नाही. एरवी हेच लोक रिव्ह्यू वाचतात.

११ नोव्हेंबर, सोमवार.
सलीलला माफ केलं. तसा मेसेज पाठवला. उत्तर नाही. मंजुषा नूपुरच्या खोलीत झोपते आहे. सोफ्याच्या डागांमुळे तिचं मन लागत नसावं. कव्हरं बदलू.

१७ नोव्हेंबर, रविवार.
डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात.

पाण्याखालची चाचणी राहिली होती. तळ्याजवळच्या क्लबचा स्विमिंग पूल थंडीसाठी बंद व्हायच्या आत गाठला. ऑफिसातल्या एकाच्या पासवर आत गेलो. मला पोहता येत नाही, पण उथळ बाजूला कठड्याला धरून डोकं खाली घालता येतं. लाल रंग तपासायचा होता. पाण्यात लाल फक्त एका बाईंचा पोहण्याचा पोशाख होता. तंत्रदृष्ट्या दुसरा पर्याय नव्हता.

बाई किंचाळल्या. मी पाण्याबाहेर डोकं काढून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, समजावू लागलो, हिंदीत. त्यांच्या नवऱ्याने ऐकूनच घेतलं नाही. कॅमेरा ओढला. मी तोच त्याच्या हनुवटीत घातला. त्याचा दात पाण्यात पडला. मग कोच आला, आणखी चारपाच आले. केस धरून डोकं पाण्यात घातलं. वर काढलं, पुन्हा घातलं. पाण्याखाली डोळे उघडे ठेवले तर सगळं निळं दिसतं, हे खरं आहे. काठावर ओढून काढलं आणि कोणीतरी मनगटावर पाय दिला. हाडाचा आवाज मला ऐकू आला. त्या बाई एकट्याच ओरडत होत्या की आता बास, मरेल तो.

पोलीस ठाण्यात ओल्या कपड्यांत बसलो. मी बँकेत अधिकारी आहे हे सांगितलं, तर शिपाई जवळच उभे राहिले. मंजुषाला फोन केला. ती आली नाही. सलील आला.

तो बंगालीत खूप वेळ बोलला. कॅमेऱ्यातले फोटो त्यांच्यासमोर पुसले. त्या नवऱ्यापुढे हात जोडले, दाताचा खर्च देतो म्हणाला. त्या बाईंचीही माफी मागितली. अधिकाऱ्याने त्याच्या भुवईकडे बोट दाखवून विचारलं, हे कोणी केलं. सलीलने माझ्याकडे बघितलं. बाथरूममध्ये पडलो म्हणाला.

म्हणजे चूक त्याचीच होती, हे तो मनातून जाणतो. शेवटी तक्रार मागे घेतली गेली.

टॅक्सीत त्याला विचारलं, कॅमेरा टिकला ना? तो खिडकीबाहेर बघत राहिला. हॉस्पिटलच्या दारात म्हणाला, भावजी, मी ताईसाठी खोटं बोललो. पुढच्या वेळी बोलणार नाही.

टाके दुखत असतील, म्हणून चिडचिड.

२४ नोव्हेंबर, रविवार.
प्लास्टर कोपरापर्यंत. मंजुषा समोर खुर्ची घेऊन बसली. म्हणाली, अंदमानला आम्ही तिघंच जाणार आहोत.

मी म्हणालो, बरोबर आहे, प्लास्टर भिजवून चालणार नाही. ती म्हणाली, प्लास्टरमुळे नाही. तुम्ही दुसऱ्या खोलीत असलात तरी भांडं पडलं की मी हातातलं काम टाकून तुमची चाहूल घेते. काही दिवस मला तसं जगायचं नाही.

मी एवढंच म्हणालो की भांडी नीट रचली तर पडणार नाहीत. ती उठून गेली. व्यावहारिक सूचना हल्ली कोणाला नको असतात.

१५ डिसेंबर, रविवार.
ते पहाटेच्या विमानाने गेले. कॅमेरा टेबलावरच राहिला. विसरले असणार. फोन केला, बंद. एकांत मिळाल्याचा फायदा घेऊन जमिनीवरची फोटोग्राफी सुरू. गॅलरीतून समोरच्या गच्चीवरची घार टिपली. ठिपका आला. घार फार लांब बसते.

१९ डिसेंबर, गुरुवार.
नूपुरने फोटो पाठवले. मंजुषाने काढलेले. कोरल, त्यात घुसलेला नारिंगी मासा, एक लाल पंखा पसरल्यासारखं काहीतरी, लालच्या लाल. दुकानातला तो मोठा, कवचवाला कॅमेरा सलीलने तिला विमानतळावर दिला म्हणे. रबरात केस वगैरे काही अडकला नाही.

रंग नंतर कॉम्प्युटरवर वाढवले असणार.

शेवटचा फोटो सलीलने काढलेला. मंजुषा पाण्यातून नुकती वर आलेली, केस कपाळावर चिकटलेले, तोंड उघडं टाकून हसतेय. हा फोटो तांत्रिकदृष्ट्या बरा नाही, क्षितिज तिरकं आहे. तरी चारपाच वेळा पाहिला. ती अशी हसते, हे नूपुरला माहीत असावं. तिने खाली काही लिहिलं नव्हतं.

२३ डिसेंबर, सोमवार.
ते आज परतणार म्हणून बाईकडून फरशी पुसून घेतली. बाजारातून स्वतः कोबी आणली. सोफ्याला नवी कव्हरं. दुपारी खाली गाडी थांबली की गॅलरीत जायचो. संध्याकाळी मंजुषाचा फोन आला. विमान वेळेवर उतरलं होतं. त्या दोघी सलीलकडे खिदिरपूरला गेल्या आहेत. तिथेच राहणार आहेत.

किती दिवस, विचारलं. म्हणाली, माहीत नाही. तुम्ही डॉक्टरांकडे जा. हाताच्या नाही, रागाच्या.

मी सांगितलं की राग मी भाऊबीजेपासूनच बंद केलाय. मागे नूपुर कशाला तरी हसत होती. मग फोन ठेवला.

चहा केला. डाव्या हाताला कपाचा अंदाज आला नाही, खाली पडून फुटला. कोणाची चूक, हे बघायला मान वर केली. घरात कोणी नव्हतं. बसून तुकडे गोळा केले.