दीड मीटर

२७ ऑगस्ट २०१७, रविवार. सकाळी ६.४०
ठरलं. आजपासून रोज वीस किलोमीटर. सायकल काल आली. एकवीस गिअर. हेल्मेट, हातमोजे, मागचा लाल दिवा, सगळं घेतलं. वय चोपन्न, पण तो नुसता आकडा. ऑफिसात हेड क्लार्क असलो तरी पिंड मूळचा खेळाडूचाच. (कॅरम, जिल्हास्तर.)
७.१०. पाऊस. उद्यापासून.

३० ऑगस्ट
२.३ किमी. सुरुवात म्हणून उत्तम. सीट चुकीची दिली आहे. शीला म्हणाली, सीट ठीक आहे, तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे बसता. तिला तांत्रिक बाजू कळत नाही.
फेसबुकवर 'पेडल यवतमाळ' म्हणून ग्रुप सापडला. दोनशे बारा मेंबर. सामील झालो.

२ सप्टेंबर
ग्रुपला दिशाच नाही. दवाखान्यासमोर मेडिकल स्टोअर असलेला अनिकेत म्हणून एक पोरगा आहे. सायकलने वणीला जाऊन त्याच दिवशी परत येतो, आणि लिहितो काय? 'आज मजा आली.' झालं! हक्कांबद्दल अवाक्षर नाही. मी पहिली पोस्ट टाकली : 'रस्ता कोणाच्या बापाचा?' अठ्ठेचाळीस कमेंट. मोटारवालेही येऊन शिव्या देऊन गेले. बऱ्याच वर्षांनी जिवंत वाटलं.
सायकल चालवायला वेळ मिळाला नाही.

५ सप्टेंबर
मोटारवाल्यांचे म्होरके सदाशिवराव. आमच्याच गल्लीतले, रिटायर्ड, पांढरी मोठी गाडी. लिहितात, सायकलवाले रोड टॅक्स भरतात का? मी लिहिलं, धूर तुमचा, फुप्फुसं आमची! एक्क्याण्णव लाइक. ऑफिसात टेबलाखाली मोबाइल धरून दिवसभरात सत्तावीस उत्तरं दिली. मान आखडली. सायकलिंगमध्ये हे होतं म्हणतात.

६ सप्टेंबर
धो धो पाऊस. सदाशिवरावांनी गाडीतून ऑफिसला सोडलं. सज्जन माणूस. वाटेत दोघांनीही विषय काढला नाही. टेबलाशी बसल्याबरोबर त्यांच्या कालच्या कमेंटला सडेतोड उत्तर दिलं.

१० सप्टेंबर, रविवार
काल सायकलचा वेग मोजणारं अ‍ॅप बंद करायचं राहिलं आणि स्कूटरवर गेलो. सरासरी वेग एकेचाळीस, आपोआप ग्रुपवर. अनिकेतने जाहीर अभिनंदन केलं. खुलासा करणार होतो, पण लोकांना प्रेरणा मिळत होती. संध्याकाळी मला अ‍ॅडमिन केलं.

१३ सप्टेंबर
मोहीम जाहीर : 'दीड मीटर'. सायकलला ओव्हरटेक करताना गाडीने दीड मीटर लांब राहावं. शीलाचा शिवणाचा टेप बरोबर दीड मीटरचा आहे. तो घेऊन फोटो काढला. यापुढे जो मोडेल त्याचा गाडीनंबरासकट फोटो ग्रुपवर. दया नाही.
शीला टेप मागते आहे. बघू.

१७ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२
सापडला!
सकाळी लोहाऱ्याच्या रस्त्यावर होतो. थोडा थकवा होता म्हणून सायकल उभी करून सेल्फी घेत होतो. रस्त्याच्या कडेला. म्हणजे कडेपासून किंचित आत, कारण मागे एमआयडीसीची पाटी यायला हवी होती. मागून पिकअप आली. एक नाही, दोन नाही, सलग हॉर्न. मी का हलू? रस्ता माझाही आहे. खांद्याला वारा लावून गेली. फार तर अर्धा मीटर! मी सायकलवरून पडलो. (सायकल पडली. मी बाजूला झालो.) पण मोबाइल हातातच होता. नंबर आला, मागे रंगवलेलं कृषी केंद्राचं नावही आलं.
पोस्ट टाकली : 'हा खुनी कोण?'

१९ सप्टेंबर
दोन हजार शेअर! नागपूर, अमरावती, पुणे. एकाने लिहिलं, असल्यांना रस्त्यात उलटं टांगा. मी त्यावर लाइक केला नाही, हृदय दिलं. ऑफिसात शिपायानेसुद्धा विचारलं. सदाशिवराव म्हणतात, ड्रायव्हरला घाई असेल. घाई! सगळ्या खुन्यांना घाईच असते.

२२ सप्टेंबर
विजय! कृषी केंद्राच्या मालकांनी ग्रुपवर स्वतः लिहिलं : आमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ड्रायव्हर देवसिंग याला कामावरून काढलं आहे. मी उत्तर दिलं, 'व्यवस्था बदलते आहे.' त्यांचा नंतर फोनही आला. दुकानाचं नाव फोटोतून पुसता येईल का? पुसून दिलं. गाडीनंबर राहू दिला.
आज सायकलवर १.१ किमी. दर्जा महत्त्वाचा.

२४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९
दारात एक बाई. तांड्यावरून आलेली. देवसिंगची बायको, जमनी. पायरीखालीच उभी राहिली. म्हणाली, "साहेब, तो फोटो काढून टाका. ज्याच्याकडं हे काम मागाले जाते, थो तुमचा फोटो दाखवते. कोनी गाडी देऊन नाई राह्यलं त्याले."
मी शांतपणे समजावलं की हा व्यक्तीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. तिने विचारलं, "तत्त्व म्हंजे कोन?"
म्हटलं, त्याला स्वतःला येऊन व्हिडिओवर माफी मागू दे, मग विचार करता येईल. शीलाने तिला आत बोलावून चहा दिला. स्वयंपाकघरात दोघी बराच वेळ बोलत होत्या. नंतर शीला मला म्हणाली, "त्या दिवशी गाडीत कोण होतं ते तरी विचारा." मी म्हटलं, साक्षीपुरावे नंतर, आधी कबुली.

२५ सप्टेंबर
देवसिंग आला. चाळिशीचा. डोळे लाल. प्यालेला असावा असं वाटलं, पण वास नव्हता. आठ दिवस दवाखान्यात जागतो आहे म्हणे. कोणासाठी, ते मी विचारलं नाही, कारण उजेड जात होता.
त्याला अंगणात उभं केलं, डोक्यावर माझं हेल्मेट, दोन्ही हातांत ताणलेला टेप. वाक्य सोपं होतं : 'मी सायकल पाहूनही गाडी घातली, मला माफ करा.' पण गडी अडला. म्हणाला, "साहेब, गाडी घातली नाई मी. तुमी मधात उभे होते. म्हनून तं हारन मारला. थांबलो असतो तं वेळ गेला असता."
मी म्हटलं, स्पष्टीकरण नको, वाक्य म्हण.
पहिल्या टेकला आवाज बसला. दुसऱ्याला टेप सैल. तिसऱ्यात मागून कुत्रं. चौथ्या वेळी 'माफ करा' म्हणताना खाली पाहिलं, म्हटलं कॅमेऱ्यात बघ. सहाव्याला रडला, ते जरा नाटकी दिसत होतं. सातवा चांगला आला.
हेल्मेट त्याने स्वतःच काढून, बाहीने आतून पुसून, कठड्यावर ठेवलं. विचारलं, "आता काढसान नं फोटो?" म्हटलं, व्हिडिओला प्रतिसाद बघून ठरवू.
शीला रात्री जेवली नाही. उपास असेल.

२७ सप्टेंबर
प्रतिसाद संमिश्र.
सायंकाळी अनिकेतची कमेंट. माझाच फोटो मोठा करून टाकला होता आणि गोल काढला होता. 'काका, पिकअपच्या मागे ताडपत्रीखाली पाय दिसतात. एका पायात चप्पल आहे, एकात नाही.'
पाय आहेत खरे.
पुढे त्याने लिहिलं : 'हा देवसिंगचा भाऊ गुलाबसिंग. कपाशीवर फवारा मारता मारता वावरातच पडला. आमच्या दुकानासमोरून उचलून नेला त्याला, मी हात लावला आहे. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर गेला होता. या महिन्यात विषबाधेचे असे किती येऊन राहिलेत, तुम्ही पेपर वाचता का?'
पेपर मी वाचतो. पण पायांचा मुद्दा इथे येतोच कुठे? चर्चा अंतराची आहे. भाऊ वाचला, म्हणजे तो विषय तर संपलाच. तसं लिहिलं.
तीनशे कमेंट. एकही वाचण्यासारखी नाही.

३० सप्टेंबर, दसरा
शिस्त आणावी लागते. अनिकेतला काढलं. त्याची बाजू घेणारे एकतीस काढले. उरलेल्यांपैकी नव्वद आपणहून गेले, म्हणजे ते मुळात सायकलिस्ट नव्हतेच. त्यांनी नवा ग्रुप काढला म्हणे, आणि पहिली राइड देवसिंगच्या तांड्यावर नेली. फवाऱ्याचे मास्क आणि हातमोजे वाटले. प्रसिद्धीची हौस!
सोनं द्यायला ग्रुपमधलं कोणी आलं नाही. सदाशिवराव आले. पोस्टबद्दल ते एवढंच म्हणाले, "कमलाकरराव, माझी गाडी असती तर मीही थांबलो नसतो." मोटारवाला तो मोटारवालाच.

८ ऑक्टोबर, रविवार
सहाशे शब्दांचा खुलासा लिहिला. शीर्षक : 'भावना विरुद्ध नियम'. चार लाइक. एक माझा.
पोस्ट काढायची का, याचा विचार केला. आता काढली तर चूक कबूल केल्यासारखं होईल. जरा वातावरण निवळू दे.

२९ ऑक्टोबर
दिवाळीत सायकल पुसली. उद्यापासून रोज.

५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.३०
आज खरोखर गेलो. लोहाऱ्याच्या चढावर गुडघ्यावर ताण नको म्हणून उतरून सायकल ढकलत होतो. मागून घंटी. वळलो तर देवसिंग. काळी जुनी सायकल, मागे डब्याची पिशवी. कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला जातो म्हणाला.
मला आनंद झाला, खरंच झाला. चळवळीने एक माणूस गाडीवरून सायकलवर आणला होता. मी त्याला तसं सांगितलंही. म्हटलं, बघ, प्रकृती सुधारेल तुझी, पेट्रोल वाचेल. भाऊ कसा आहे?
तो उतरला. "भाऊ बरा हाये साहेब. शाम गेला."
शाम कोण ते मला माहीत नव्हतं. जमनीचा भाऊ. नुकतंच, पोळा झाल्यावर, लग्न ठरलं होतं त्याचं.
"तोही फवाऱ्यानं?"
"हौ. मांगच्या महिन्यात. चक्कर आली म्हनला, मंग तोंडातून फेस. पिकअप होती तवा तांड्यावरचं कोनीबी पडलं तं मीच आनत होतो. आता गाडी नाई. फोन लावले, धावत रोडवर आलो, हात दाखवले. दोन घंटे गेले. मंग सायकलवर बसवलं त्याले, मांगून जमनीनं धरलं. मान राहेना त्याची."
मी म्हटलं, अरेरे.
"सायकलवर तसा मानूस आनता येत नाई साहेब."
आवाज चढला नव्हता त्याचा. उलट माझ्या सायकलची चेन उतरली होती, ती त्याने बोलता बोलता वाकून बसवून दिली. हात पँटला पुसले, टांग मारली आणि चढ चढून गेला. भोंग्याची वेळ झाली होती.
मी तिथेच उभा होतो. ट्रक गेले तीन-चार. किती जवळून गेले, लक्ष नव्हतं.
घरी येऊन पोस्ट काढली. व्हिडिओही काढला. शीला ओट्याशी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला सांगितलं, काढली पोस्ट.
तिने मान वर केली नाही. म्हणाली, "आता?"